मे महिन्यातली पांढरी अंडी: नागपुरातल्या एका ॲपिस्टो जोडीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या ओळखीच्या एका घरातल्या टाकीतलं, ॲपिस्टो नावाच्या छोट्या शोभेच्या माशांचं आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पाण्याचे आणि तापमानाचे आकडे मात्र वहीत होते तसेच ठेवलेत, कारण सगळा उलगडा त्या आकड्यांतूनच झाला. यात एक चूक माझी आहे. तीही लिहितो, कारण तीच चूक आपल्या शहरात दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी करत असणार.

पार्श्वभूमी

काकू बँकेतून निवृत्त झाल्या आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांनी माशांची टाकी बसवली. पश्चिम नागपुरातली तीन मजली इमारत, घर सगळ्यात वर, डोक्यावर थेट स्लॅब. टाकी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू आणि लाकडाची जागा सोडली तर आत साधारण ९० लिटर पाणी. एक स्पंज फिल्टर, तळाला बारीक वाळू, लाकडाला बांधलेलं जावा फर्न आणि भोक पाडलेल्या दोन नारळाच्या करवंट्या. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या रस्त्यांवर जंगली बदामाची लाल पानं गळतात, ती धुऊन, वाळवून त्यांनी तळाशी पसरली होती. पाणी फिक्या चहासारखं दिसायचं.

मासे आणायची त्यांनी घाई केली नाही, याचं मला फार कौतुक आहे. पाच आठवडे टाकी माशांविना चालवली, अमोनिया आणि नायट्राइट (टाकीतल्या घाणीतून होणारी, माशांना विषारी द्रव्यं) शून्यावर आलेलं दोन-तीनदा तपासलं आणि मगच डिसेंबरात कॉकाटू ॲपिस्टोची जोडी आणली. थर्माकोलच्या डब्यात, कोलकात्याहून रेल्वेने.

ज्यांनी हा मासा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शास्त्रीय नाव ॲपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस. पेरू आणि ब्राझीलमधल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला छोटा सिक्लिड. बाजारात मिळणारा तिलापिया आणि केरळची करीमीन याच घराण्यातले, पण ॲपिस्टोचा नर जेमतेम ८ सेंटिमीटर आणि मादी ५. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब आणि उभे असतात, काकाकुवाच्या तुऱ्यासारखे. नाव त्यावरूनच पडलं. काकू त्याला ‘तुरेवाला’ म्हणायच्या. मादी एरवी करडी, पण अंडी घातली की हळदीसारखी पिवळी होते, अंगावर काळे पट्टे उठतात, आणि मग तो एवढासा जीव आपल्या दुप्पट वजनाच्या नराला टाकीच्या कोपऱ्यात कोंडून ठेवतो. गुहेच्या छताला उलटी चिकटवलेली लालसर अंडी, त्यांना दिवसरात्र परांनी वारा घालणारी आई आणि नंतर पिलांचा थवा घेऊन वाळूवरून फिरणारी आई. हे एकदा पाहिलं की माणूस या माशात अडकतोच.

फेब्रुवारीत पहिली अंडी झाली. साठेक असतील. चौथ्या दिवशी फुटली, आणखी पाच दिवसांनी पिलं पोहायला लागली. ताज्या फुटलेल्या आर्टेमियावर, म्हणजे कोळंबीच्या जातीतल्या अगदी बारीक जिवांवर वाढवून त्यातली १६ जगली. पहिल्याच खेपेला हे यश मोठं आहे. काकूंनी पेढे वाटले.

पाण्याची सोय अशी होती: स्वयंपाकघराच्या नळाला कॉर्पोरेशनचं पाणी, बाथरूमच्या नळाला बोअरचं. आठवड्याला १८ लिटर पाणी बदलायचं, त्यात निम्मं आरओचं, निम्मं कॉर्पोरेशनचं. त्या वेळी टाकीतल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, १९० होता. ही नोंद वहीत होती म्हणून आज लिहिता येते. बँकेत ३४ वर्षं काढलेल्या बाईंनी टाकीचीही खतावणी ठेवली होती: तारीख, सकाळ-संध्याकाळचं तापमान, किती पाणी काढलं, किती घातलं.

अडचण

मार्च संपता संपता टाकीचं पाणी दुपारी ३२ अंशांवर जाऊ लागलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ३४. काकूंचा फोन आला.

“अरे, मासे वर येऊन तोंड मारून राहिले. काय करू?”

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम, ३४ अंशांना सात. आकड्यात फरक लहान वाटतो, पण त्याच वेळी माशाच्या शरीराचा वेग वाढलेला असतो, त्याला जास्त ऑक्सिजन हवा असतो. मी फोनवरच सांगितलं: टाकीचं वरचं झाकण काढा, छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा आणि जेवढं पाणी उडेल तेवढं रोज भरत जा.

सल्ला लागू पडला. दोन दिवसांत पाणी ३० ते ३१ अंशांवर स्थिरावलं. मासे खाली गेले, खाऊ लागले. काकू खूश, मी खूश.

एप्रिलच्या शेवटी मादीने पुन्हा अंडी घातली. तिसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडली आणि त्यांवर कापसासारखी बुरशी आली. मादीने ती खाऊन टाकली. १२ मेच्या सुमारास पुन्हा अंडी, पुन्हा तेच. या वेळी मादी दोन दिवस रिकाम्या करवंटीला वारा घालत बसली होती. काकूंनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. मी स्वतः ते पाहिलं असतं तर माझंही तेच झालं असतं.

सल्ले तर चारही बाजूंनी आले. दुकानात सांगितलं, मादी अंडी खाणारी निघाली, बदलून टाका. कोणी म्हणालं, अंडी काढून निळ्या औषधात, म्हणजे मिथिलिन ब्लूमध्ये वेगळी ठेवा. कोणी म्हणालं, उष्णतेने नर नापीक झाला. पट्टीने पाणी तपासलं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ८.२. “पाणी तर चांगलं आहे,” असंच सगळे म्हणाले. मीही फोनवर तेच म्हणालो.

कुठे अडलं होतं

१७ मेला रविवार धरून मी घरी गेलो. बाहेर लू, आत कूलर सुरू. मला पाणी देता देता काकू सहज म्हणाल्या, “या ताट्या पाहा ना, दोन महिने नाही झाले बदलून आणि पांढऱ्या होऊन राहिल्या. बोअरचं पाणी ना.”

कूलरच्या ताट्यांवर क्षारांचा जाड पांढरा थर बसला होता. नागपुरात हा थर कोणाला नवा नाही. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. ते ताट्यांत आणि तळाच्या पाण्यात साठत जातात. मी टाकीकडे वळलो. काचेवर पाण्याच्या रेषेपाशी तसाच पांढरा पट्टा होता, बोटाने खरवडला तर निघेना.

काकूंना विचारलं, रोज जे पाणी भरता ते कुठलं?

“बाथरूमचं. पाईप तिथूनच पोचतो ना इथपर्यंत.”

आठवड्याचा पाणीबदल? तो एप्रिलपासून जवळपास बंदच होता. कॉर्पोरेशनचं पाणी कमी येत होतं, आणि रोज पाणी घालतोच आहोत तर वेगळं बदलायचं कशाला, असं त्यांना वाटलं. हे वाटणं अगदी साहजिक आहे. पाणी बदलणं आणि पाणी भरणं यात काय फरक, हे मी त्यांना फोनवर सांगितलंच नव्हतं. फॅन लावा म्हणालो, पाणी भरा म्हणालो. कुठलं पाणी, हा एक प्रश्न विचारला नाही. तो विचारला असता तर दोन खेपांची अंडी वाचली असती, असं मला आजही वाटतं.

मग वही उघडली. ४१ दिवसांत वरून घातलेलं बोअरचं पाणी ११८ लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास तीन. टाकीची लांबी-रुंदी पाहता तीन लिटर म्हणजे रोज एक सेंटिमीटर पाणी हवेत जात होतं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस मीटरवर ६२० आला. ११८ लिटरमध्ये लिटरला ६२० मिलिग्रॅम म्हणजे ७३ ग्रॅमहून जास्त क्षार त्या ९० लिटरच्या टाकीत घातले गेले होते, आणि बाहेर जवळपास काहीच गेलं नव्हतं. हिशोबाने आकडा हजारावर जायला हवा होता. मीटरवर ८६० आला. उरलेलं काही काचेवर आणि लाकडावर बसलं होतं, काही एप्रिलमधल्या दोन छोट्या पाणीबदलांत गेलं असणार. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे जडपणा, थेंबांनी मोजायच्या चाचणीत २८ थेंब लागले, म्हणजे २८ जर्मन अंश (हे जडपणाचं एक माप). टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड झालं होतं.

काकूंनी वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “रोज जमाच जमा. नावे काहीच नाही पडलं.”

मी सुचवलेल्या फॅनने टाकी वाचवली आणि त्याच फॅनने अंडी मारली, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

कॉकाटू हा ॲपिस्टोंमध्ये त्यातल्या त्यात सोशिक. मोठे मासे जड पाण्यातही तग धरतात, म्हणूनच ते आजारी दिसत नव्हते. अंड्यांचं तसं नसतं. मऊ पाण्याच्या या माशांची अंडी फार क्षारांच्या पाण्यात नीट फळत नाहीत, पांढरी पडतात, हा जगभरच्या पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. अंडं आधी मरतं आणि बुरशी नंतर येते. मादी मेलेली अंडी खाते ते घर स्वच्छ ठेवण्यासाठी. तिला अंडी खाणारी म्हणून बदलून टाकणं हा तिच्यावर अन्याय झाला असता.

आणखी एक धोका शांतपणे बसून होता. पीएच ८.२ आणि पाणी ३२ अंश असताना अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ आणि २६ अंशांच्या पाण्यापेक्षा वीसपट भरतो. पट्टीवर शून्य आहे तोवर ठीक. पण फिल्टर काही तास बंद पडला, तर सुटायला वाव अगदी थोडा.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा. मी तो लगेच बाजूला ठेवला. माशांच्या आणि टाकीच्या मिळून किमतीच्या कितीतरी पट खर्च, शिवाय पाण्यातली उष्णता तो त्याच हॉलमध्ये सोडणार.

दुसरा, बर्फाच्या बाटल्या. काकूंच्या पुतण्याने फ्रीजरमध्ये चार बाटल्या भरूनही ठेवल्या होत्या. हिशोब केला तर एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून टाकीच्या पाण्याएवढी गरम होईपर्यंत ९० लिटर पाण्याला जेमतेम सव्वा अंश खाली आणते, आणि काही तासांत ते पाणी पुन्हा वर चढतं. दिवसात चारदा खाली-वर होणाऱ्या पाण्यापेक्षा एका जागी टिकलेलं ३० अंश बरं, असं माझं मत आहे. त्या बाटल्या आम्ही आणीबाणीसाठी ठेवल्या.

तिसरा पर्याय, फॅन काढून कूलरवर भागवणं. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा प्रश्न खास आपल्याकडचा आहे. फॅन पाणी थंड करतो तो माठाच्या रीतीने. पाण्याची वाफ होताना ती उष्णता सोबत नेते. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते, म्हणून माठ भरदुपारीही गार राहतो, आणि आषाढात तोच माठ जेमतेम गार पाणी देतो. खिडक्या बंद करून कूलर चालवला तर हॉलची हवा दमट होते आणि फॅनचा जोर जातो. वहीत ते दिसतही होतं: खिडक्या बंद असलेल्या दिवसांत पाणी दीड अंश वर. त्यामुळे फॅन ठेवायचा आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, असं ठरलं. माणसांनाही कूलर असाच सोसतो.

चौथा पर्याय मासेच बदलण्याचा. जर्मन ब्लू रॅम, शास्त्रीय नाव मिक्रोजिओफॅगस रामिरेझी, हा छोटा सिक्लिड २८ ते ३० अंशांत आनंदात राहतो. नव्या माणसाने एप्रिलमध्ये विचारलं तर मी आज त्याला ॲपिस्टोऐवजी रॅम सांगेन. पण त्यालाही मऊ पाणीच लागतं, म्हणजे क्षारांचा प्रश्न सुटला नसताच. शिवाय काकूंना तुरेवाल्याला सोडायचं नव्हतं, आणि ते मला पूर्ण पटलं.

पाचवा, सगळं पाणी एकदम बदलून आरओ-मिश्रित पाणी भरणं. मन तिकडेच धावत होतं. पण ८६० वरून एका दिवसात २०० वर आणलं असतं तर माशांच्या अंगातला पाणी-मिठाचा तोल ढळला असता. सहा आठवड्यांत हळूहळू वर चढलेलं पाणी हळूहळूच उतरवायला हवं होतं.

काय केलं

त्या दिवशीच बोअरचं पाणी बंद. रोज उडेल तेवढं पाणी आरओचंच भरायचं, कारण उडून जातं ते शुद्ध पाणी, तर भरायचंही तसंच. जोडीला आठवड्यातून तीनदा ९ लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच आरओचं, टाकीच्या तापमानाला आणून, तासाभरात थेंबथेंब सोडायचं. घरच्या आरओचा टीडीएस ६० होता. या चालीने सहा आठवड्यांत आकडा अडीचशेच्या खाली यायला हवा, असं गणित मांडलं.

आरओ एका लिटरमागे तीनेक लिटर पाणी बाहेर टाकतो. मे महिन्यात, जेव्हा खालच्या वस्तीत टँकरची वाट पाहतात, तेव्हा माशांसाठी आठवड्याला दीडशे लिटर पाणी नालीत सोडणं आमच्यापैकी कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. काकूंनी ते सगळं पिंपात धरलं; फरशी पुसायला, संडासाला वापरलं. फक्त कूलरमध्ये ते घालायचं नाही, एवढं मी बजावलं. त्या पाण्यात क्षार आधीच दाटलेले असतात, ताट्यांचं आयुष्य आणखी घटलं असतं.

अंडी होऊ नयेत म्हणून करवंट्या काढायच्या का, यावर आमचा थोडा वाद झाला. माझं म्हणणं, उन्हाळाभर मादीला विश्रांती द्यावी. काकूंचं म्हणणं, करवंटी काढली तर तिला लपायला जागा कुठे? काकूंचं खरं होतं. लपायची जागा गेलेली मादी नराच्या पाठलागाने दमून मरते. एक करवंटी ठेवली, एक काढली.

नवतपातली रात्र

मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू झाला. २८ मेच्या रात्री साडेअकराला वीज गेली ती पहाटे पाचलाच आली. फॅन बंद, फिल्टर बंद. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर हॉलचा पंखा आणि दिवा. टाकीचा प्लग त्या लाइनवर नव्हता. काकू आणि काका तासभर मगाने पाणी काढून उंचावरून टाकीत ओतत बसले, हवा मिसळावी म्हणून. मग दोघांचाही डोळा लागला. त्यांनी मला फोन केला होता. माझा फोन आवाज बंद करून उशाशी पडला होता.

सकाळी तुरेवाला वाळूवर पडलेला होता. मादी करवंटीत होती, जिवंत.

त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून टाकीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. अर्ध्या तासाचं काम होतं. मी एक बॅटरीवर चालणारा एअर पंपही देऊन आलो. वीज जाताच तो आपोआप सुरू होतो. १७ मेला मी त्याच हॉलमध्ये तीन तास होतो. टीडीएसचा छडा लागल्याच्या आनंदात मी वीज गेली तर काय, हे पाहिलंच नाही.

निकाल

जूनच्या मध्यावर पाऊस आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात टीडीएस २३० वर उतरला. मादी एकटी होती, तब्येतीने छान होती.

नर कुठून आणायचा? फेब्रुवारीच्या १६ पिलांतली बरीच नर होती आणि ती माझ्याकडच्या मोठ्या टाकीत वाढत होती. त्यातला एक सोडणं सर्वांत सोपं. काकू ठाम नाही म्हणाल्या. आई-मुलाची जोडी लावायला त्यांचं मन धजेना, आणि माझंही मत तेच पडलं; बाजारातली बरीच वाणं अशा जवळच्या जोड्यांनी आधीच अशक्त झाली आहेत. शहरातल्या दुसऱ्या एका पाळणाऱ्याशी अदलाबदल केली: आमचे दोन नर त्याला, त्याचा एक नर काकूंना.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात अंडी झाली. ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा इथे आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत फॅनचा उपयोग जवळपास संपला होता आणि टाकीचं पाणी ३० ते ३०.५ अंश होतं, म्हणजे मे महिन्यात अंडी पांढरी पडली तेव्हा होतं तेवढंच. फरक क्षारांचा: तेव्हा आठशेच्या पुढे, आता २३०. चौथ्या दिवशी करवंटीच्या छताला शेपट्या वळवळताना दिसल्या. पोहायला लागल्यावर मोजली तर चाळीसेक पिलं, त्यातली २३ वाढली.

यावरून दोष क्षारांचाच होता असं मी मानतो. पण नरही बदलला होता, आणि मेच्या उकाड्यात जुन्या नराचं काही बिघडलं असेल तर ते या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की असंच होतं.

फेब्रुवारीच्या पिलांची एक गोष्ट मागाहून कळली. १६ पैकी १३ नर निघाले. १९९६ साली उवे र्‍योमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्ट्स या जर्मन संशोधकांनी दाखवलं होतं की ॲपिस्टोंमध्ये पिलू नर होणार की मादी यावर सुरुवातीच्या दिवसांतल्या पाण्याच्या तापमानाचा परिणाम होतो, आणि गरम पाण्यात नर जास्त होतात. पहिल्या खेपेची पिलं मार्चच्या २९-३० अंशांत वाढली होती. जुलैच्या पिलांतही नरच जास्त निघाले. माद्या हव्या असतील तर नागपुरात अंडी नोव्हेंबर-डिसेंबरात व्हायला हवीत, हीटर २५ वर ठेवून. काकूंनी पुढच्या हिवाळ्यासाठी तशी नोंद आधीच केली.

आज पुन्हा करायचं झालं तर

फॅन मी आजही लावायला सांगेन, पण त्याच वाक्यात सांगेन की भरायचं पाणी आरओचं किंवा पावसाचं. पावसाचं पाणी धरायचं तर पहिल्या दोन-तीन सरी गच्ची धुऊन जाऊ द्यायच्या, नंतरचं धरायचं. काकूंनी ऑगस्टमध्ये दोन ड्रम धरले.

पाणी उडतं म्हणून पाणीबदल थांबवायचा नाही. उलट उन्हाळ्यातच तो जास्त लागतो, थोडा थोडा आणि वरचेवर. पण नुसतं आरओचं पाणी कायम वापरायचं असंही नाही. पाण्यातला कार्बोनेट पार संपला तर पीएच एकाएकी कोसळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात. आकडा दोनशेच्या आसपास आला की पुन्हा निम्मं कॉर्पोरेशनचं, निम्मं आरओचं.

पट्टीवर सगळे चौकोन हिरवे आले म्हणून पाणी ठीक आहे, हे मी आता कोणाला सांगत नाही. काही शे रुपयांचा टीडीएस मीटर आधी घ्यायला सांगतो. मासा नंतर घ्या म्हणतो.

टाकीला इन्व्हर्टरची लाइन आणि बॅटरीचा पंप मार्चमध्येच. हे एक काम आधी केलं असतं तर तुरेवाला बहुधा वाचला असता, आणि याची टोचणी मला काकूंपेक्षा जास्त आहे.

आणि वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून टाकी ठेवायची का? काकूंनी सप्टेंबरात ती हलवून आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी नेली. रिकामी करून, वाळू काढून, चार माणसांनी उचलून. त्या एका बदलाने पुढच्या मार्चमध्ये पाणी अडीच अंश कमी राहिलं.

यंदा एप्रिलच्या पहिल्या तारखेला काकूंनी मला फोटो पाठवला. टाकीशेजारी दोन कॅन, दोन्हींवर मार्करने लिहिलेलं: एकावर ‘भरायचं’, दुसऱ्यावर ‘बदलायचं’. वहीचं नवं पान उघडलेलं, त्यावर दोन रकाने, जमा आणि नावे. आणि काचेच्या कोपऱ्यात, करवंटीच्या तोंडाशी, पिवळी जर्द मादी.